ऑनलाइन कोर्स तपासायचा म्हणजे नेमकं काय बघायचं?

प्राध्यापकाचं शिकवणं कसं आहे हे बघायचं तर विभागप्रमुखांनी मागच्या बाकावर बसून एखादा तास ऐकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. ऑनलाइन कोर्सला ती लागू पडत नाही. विद्यार्थी रात्री साडेअकराला लॉगिन करतो, तेव्हा शिक्षक झोपलेले असतात. त्याच्यासमोर असते फक्त स्क्रीन: बाजूला मेन्यू, मध्ये काही व्हिडिओ, चार पीडीएफ, एक क्विझ आणि कुठेतरी कोपऱ्यात एक तारीख. वर्गात सूचना धड दिली गेली नाही तर पोरं विचारतात, "सर, म्हणजे नक्की काय लिहायचं?" आणि सर दोन वाक्यांत उलगडून सांगतात. इथे विचारायला कोणी नाही. जे आधी लिहून ठेवलं नाही, ते विद्यार्थ्याच्या लेखी नाहीच.

म्हणून ऑनलाइन आणि हायब्रिड (थोडा वर्गात, थोडा ऑनलाइन) कोर्ससाठी 'डिझाइन रिव्ह्यू' म्हणजे रचनेची तपासणी हा प्रकार निघाला. दोन-तीन जाणत्या लोकांनी कोर्स विद्यार्थ्याच्या नजरेने उघडून बघायचा, कुठे अडायला होतं ते हेरायचं आणि दुरुस्ती लेखी सुचवायची. यात शिक्षकाला मार्क द्यायचे नसतात, आणि ही गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, कारण 'तपासणी' म्हटलं की स्टाफरूममध्ये कपाळावर आठ्या पडतात. शिक्षक मेलला किती तासांत उत्तर देतात हा शिकवण्याचा प्रश्न झाला. उत्तर किती वेळात मिळेल हे कोर्समध्ये कुठे लिहिलंय का, हा रचनेचा प्रश्न. तपासणाऱ्याचं काम दुसऱ्या प्रश्नापुरतं.

२०२० च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनी जे केलं ते या अर्थाने ऑनलाइन शिक्षण नव्हतंच. वर्गातला तास उचलून झूमवर ठेवला, एवढंच. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी त्याला 'इमर्जन्सी रिमोट टीचिंग' असं वेगळं नाव दिलं ते याचसाठी, की त्या धावपळीवरून कोणी ऑनलाइन शिक्षणाची किंमत ठरवू नये. आपल्याकडे नेमकं तेच झालं, पण तो विषय वेगळा.

मेरिलँडमधली अडचण

या तपासणीची सगळ्यात नावाजलेली पद्धत म्हणजे 'क्वालिटी मॅटर्स'. अमेरिकेतल्या विद्यापीठांत नुसतं 'क्यूएम' म्हटलं तरी भागतं. मेरिलँड राज्यातल्या कॉलेजांचा 'मेरिलँडऑनलाइन' नावाचा एक गट होता. आपल्या कॉलेजात नसलेला ऑनलाइन कोर्स विद्यार्थ्याला गटातल्या दुसऱ्या कॉलेजातून घेता यावा, अशी सोय त्यांना हवी होती. पण शेजारच्या कॉलेजचा कोर्स चांगला आहे हे मानायचं कशाच्या भरवशावर? २००३ मध्ये तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या अनुदानातून त्यांनी यावर काम सुरू केलं आणि त्यातून निकषांचा एक तक्ता तयार झाला. पुढे २०१४ मध्ये 'क्वालिटी मॅटर्स' स्वतंत्र ना-नफा संस्था झाली.

तक्त्याचे मोठे भाग आठ आहेत. कोर्सची ओळख आणि सुरुवात, शिकण्याची उद्दिष्टं, मूल्यमापन, अभ्याससाहित्य, विद्यार्थ्यांचे उपक्रम आणि परस्पर संवाद, तंत्रज्ञान, विद्यार्थ्याला लागणारी मदत आणि शेवटचा सुगम्यतेचा, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांसकट सगळ्यांना कोर्स वापरता येतो का याचा. प्रत्येक भागात बारीक निकष आहेत आणि प्रत्येक निकषाला ३, २ किंवा १ गुण. निकष पूर्ण झाला तर सगळे गुण, नाहीतर शून्य. अर्धवट गुण नाहीत.

गुणांचा हिशेब बघण्यासारखा आहे. २०१८ च्या सहाव्या आवृत्तीत ४२ निकष होते: ३ गुणांचे २३, २ गुणांचे १२ आणि १ गुणाचे ७. बेरीज बरोबर १००. पास व्हायला ८५ हवेत, पण त्याशिवाय ३ गुणांचे २३ च्या २३ निकष पूर्ण झालेच पाहिजेत. म्हणजे एखाद्या कोर्सने बाकी सगळं चोख केलं आणि ३ गुणांचा एकच निकष चुकवला, तर त्याला ९७ गुण मिळतात आणि तो नापास होतो. दुसरीकडे, ते २३ निकष सांभाळले की ६९ गुण हातात येतात. मग उरलेल्या ३१ पैकी १६ मिळाले तरी चालतं. कशावाचून अडतं आणि कशावाचून भागतं, हे तक्ता असं गुणांतूनच सांगतो. २०२३ च्या सातव्या आवृत्तीत निकष ४४ झाले, पण घडण तीच राहिली.

आणखी एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. एखादा निकष 'पूर्ण' म्हणायला तो शंभर टक्के निर्दोष असावा लागत नाही. साधारण ८५ टक्क्यांच्या पातळीला पोचला की पुरे. तपासणारे तिघे असतात आणि त्यातल्या दोघांनी 'पूर्ण' म्हटलं की गुण मिळतात. एखाद्या क्विझवर शेवटची तारीख टाकायची राहून गेली म्हणून कोर्स आडवा होत नाही.

सगळ्यात जास्त कोर्स कुठे अडतात

आठ भागांची यादी वाचली की सगळे भाग सारख्याच वजनाचे वाटतात. तसं नाही. उद्दिष्टं, मूल्यमापन, साहित्य, उपक्रम आणि तंत्रज्ञान हे मधले पाच भाग एकमेकांशी जुळतात का, हा या तपासणीचा गाभा आहे. क्यूएमवाले त्याला 'अलाइनमेंट' म्हणतात. ऑस्ट्रेलियात काम केलेले शिक्षण-अभ्यासक जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये हाच विचार उच्च शिक्षणासाठी पद्धतशीर मांडला होता: विद्यार्थ्याला जे यायला हवं असं म्हणता, तेच त्याच्याकडून करून घ्या आणि परीक्षाही त्याचीच घ्या.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते एका कल्पित उदाहरणावर बघू. नव्या शैक्षणिक धोरणामुळे एमए, एमकॉमला 'संशोधन पद्धती' हा पेपर आला आहे, तो घेऊ. तिसऱ्या मॉड्यूलचं उद्दिष्ट असं लिहिलंय: "विद्यार्थ्यांना नमुना निवडीची संकल्पना समजेल." (नमुना निवड म्हणजे पाहणीसाठी सगळ्यांऐवजी मोजके निवडणं.) खाली ४८ मिनिटांचा एक व्हिडिओ, पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणाचा स्कॅन आणि शेवटी २० बहुपर्यायी प्रश्नांची क्विझ. पहिला प्रश्न, स्तरित नमुना निवड म्हणजे काय? पर्याय चार. आणि सत्राच्या शेवटी असाइनमेंट: स्वतःच्या विषयावर संशोधन आराखडा लिहा, गुण ४०.

तपासणारा इथे पहिल्यांदा 'समजेल' या क्रियापदाशी थांबतो. समजलं की नाही हे बाहेरून दिसत नाही, मग मोजणार काय? उद्दिष्ट असं हवं की विद्यार्थ्याने काहीतरी करून दाखवलं पाहिजे: "दिलेल्या संशोधन प्रश्नासाठी योग्य नमुना निवड पद्धत सुचवता येईल आणि तिची कारणं सांगता येतील." उद्दिष्ट असं बदललं की खालची क्विझ आपोआप उघडी पडते. व्याख्या ओळखणं आणि पद्धत निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्याऐवजी प्रश्न असा विचारता येईल: एका तालुक्यात दूध संस्थांचे सभासद आहेत, त्यात दोन-तीन जनावरांवाले पुष्कळ आणि मोठे गोठेवाले मोजके. चारा-खर्चाची पाहणी करायची आहे, ६० सभासद निवडायचे आहेत. कुठली पद्धत घ्याल, आणि साधी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली तर काय बिघडेल?

आता साहित्याकडे वळा. ४८ मिनिटांच्या व्हिडिओत असा एकही प्रसंग सोडवून दाखवलेला नाही, नुसत्या व्याख्या आणि प्रकार. म्हणजे नवा प्रश्न विचारला तर तो न शिकवलेलं विचारल्यासारखा होईल. व्हिडिओची एवढी दहा मिनिटं तरी बदलावी लागणार. उपक्रमांकडे बघितलं तर सरावासाठी काहीच नाही. विद्यार्थी थेट ४० गुणांच्या आराखड्यावर जाऊन आदळतो, मधे एकदाही कच्चं लिहून दाखवायची संधी नाही. एका क्रियापदाला हात लावला आणि अख्खं मॉड्यूल ढवळून निघालं. याच कारणामुळे हा भाग शिक्षकांना सगळ्यात जास्त खुपतो, आणि याच कारणामुळे तो सगळ्यात मोलाचा आहे.

आपल्याकडच्या प्राध्यापकांना हे वाचताना सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे कोर्सची फलितं अख्ख्या अभ्यासक्रमाच्या फलितांशी जुळवणारा तक्ता आठवेल. कल्पना त्याच घराण्यातली आहे. पण तो तक्ता बहुतेक ठिकाणी नॅक किंवा एनबीएची मूल्यांकन समिती यायच्या आधी भरला जातो, १-२-३ आकडे टाकून, आणि कोर्समध्ये एक ओळही न बदलता. आकडे प्रश्नपत्रिकेशी ताडून बघणारा माणूस त्या प्रक्रियेत नसतो. डिझाइन रिव्ह्यूमध्ये तो असतो, फरक एवढाच आहे.

व्हिडिओ किती मिनिटांचा असावा?

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उरकून टाकू. एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरची ६९ लाख व्हिडिओ सत्रं तपासून फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की सहा मिनिटांपेक्षा छोटे व्हिडिओ लोक जास्त चिकाटीने बघतात. तेव्हापासून 'सहा मिनिटं' हा मंत्रच झाला. पण त्या अभ्यासाने मोजलं ते बघणं, शिकणं नाही. गणिताची एखादी सिद्धता अकरा मिनिटं घेत असेल तर घेऊ द्यावी. व्हिडिओत नेमकं काय आहे आणि बघून झाल्यावर काय करायचं आहे, हे खाली दोन ओळींत लिहिलंय का, एवढं बघितलं तरी मिनिटांच्या वादाची गरज बरीचशी संपते.

संवाद: नियमाला दात कुठून आले

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातल्या संवादाचे तीन प्रकार सांगितले, ते आजही प्रत्येक तक्त्यात सापडतात: विद्यार्थी आणि आशय, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. पहिला बहुतेक कोर्समध्ये असतो. तिसऱ्यासाठी एक डिस्कशन फोरम उघडून देतात, त्यावर "छान माहिती" आणि "धन्यवाद सर" असे तीस संदेश पडतात आणि काम झालं म्हणतात. तपासणारा तिथे विचारतो, या चर्चेत एकमेकांचं वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं काही आहे का? वरच्याच उदाहरणात प्रत्येकाने आपली नमुना निवड मांडायची आणि दुसऱ्या एकाच्या निवडीत काय राहून गेलंय ते दाखवायचं, असं ठेवलं तर 'छान माहिती' लिहून सुटता येत नाही.

दुसऱ्या प्रकाराला, शिक्षकाच्या संवादाला, अमेरिकेत कायद्याचं पाठबळ आहे. शिक्षकाच्या पुढाकाराने नियमित आणि भरीव संवाद होत नसेल तर तो कोर्स 'दूरशिक्षण' न धरता 'पत्रद्वारा शिक्षण' धरला जातो आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी अर्थसाहाय्यावर गदा येते. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत 'नियमित' आणि 'भरीव' म्हणजे काय तेही फोडून सांगितलंय. त्यामुळे तिथे आठवड्याचं नियोजन, अभिप्राय कधी मिळेल, ऑनलाइन भेटीची वेळ कुठली, हे सगळं कोर्समध्येच लिहून ठेवतात. शिक्षकाचा उत्साह हे त्यामागचं एकच कारण नाही.

शिवाजी फॉन्टची पीडीएफ

सुगम्यतेच्या भागाकडे आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने आपली व्याख्यानं वर्षानुवर्षं इंटरनेटवर सगळ्या जगासाठी फुकट ठेवली होती. कर्णबधिरांसाठीच्या गॅलोडेट विद्यापीठातल्या दोघा कर्मचाऱ्यांनी तक्रार केली की व्हिडिओंना कॅप्शन, म्हणजे बोलणं लिहून दाखवणाऱ्या ओळी नाहीत, आम्हाला ते वापरता येत नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये न्याय खात्याने तक्रारीत तथ्य असल्याचं कळवलं. दुरुस्तीचा खर्च झेपणार नाही म्हणून मार्च २०१७ मध्ये बर्कलीने २० हजारांहून जास्त ध्वनी-चित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. यात कोणाचंच भलं झालं नाही. कॅप्शन पहिल्यापासून दिली असती तर काम थोडं थोडं होत गेलं असतं. शेवटी २० हजारांचा डोंगर झाला.

मराठी साहित्याची अडचण याहून वेगळी आणि थोडी विचित्र आहे. आपल्या कित्येक विभागांच्या नोट्स अजून शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतं. फाईलच्या आत मात्र इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी चित्र चढवतो. अंध विद्यार्थी एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ती पीडीएफ उघडतो तेव्हा त्याला अर्थहीन अक्षरांची माळ ऐकू येते. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या पानांची पीडीएफ असेल तर तेवढंही नाही; स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते कोरं पान. तीच नोट युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आजच्या प्रमाण संकेतात टाइप केलेली असेल तर एनव्हीडीए मराठी वाचतो, आणि तो फुकट मिळतो. याचा डोळस विद्यार्थ्यांनाही फायदा आहे: युनिकोड मजकुरात शब्द शोधता येतो. शिवाजी फॉन्टच्या पीडीएफमध्ये 'नमुना' टाकून शोधून बघा, काही सापडणार नाही.

हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायची. तिथे मराठी उमटलं तर युनिकोड, रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर जुना फॉन्ट, आणि ओळ निवडताच आली नाही तर नुसतं चित्र. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्यामुळे हे सौजन्याचं काम उरलेलं नाही.

रंगांचं म्हणाल तर वेब सुगम्यतेच्या जागतिक मानकांत साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण किमान ४.५ : १ असावं असं म्हटलंय. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं म्हणूनच बाद. उन्हात एसटी स्टँडवर फोन बघणाऱ्या चांगल्या डोळ्यांच्या पोरालाही ती दिसत नाहीत.

हायब्रिडची वेगळी डोकेदुखी

हायब्रिड कोर्समध्ये एक दुखणं ठरलेलं आहे. अमेरिकेतले लोक त्याला 'कोर्स अँड अ हाफ' म्हणतात, म्हणजे दीडपट कोर्स. शिक्षक वर्गातलं काहीच कमी करत नाहीत आणि ऑनलाइनचं वर चढवतात. तीन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) कोर्समध्ये विद्यार्थी साडेचार श्रेयांकांचं काम करतो. तपासताना म्हणून एका आठवड्याचे तास मोजावे लागतात: वर्गात किती, व्हिडिओला किती, वाचायला किती, लिहायला किती. बेरीज करून बघितली की बऱ्याचदा शिक्षकच चकित होतात.

दुसरी अडचण तपासणाऱ्याची. ऑनलाइन भाग स्क्रीनवर दिसतो, वर्गात काय होतं ते दिसत नाही. त्यामुळे शिक्षकाकडून आधी एक माहितीपत्रक भरून घेतात. त्यात वर्गातल्या प्रत्येक तासाला काय चालतं आणि ते ऑनलाइन भागाशी कसं जोडलंय ते लिहायचं. ते भरतानाच खरा प्रश्न समोर येतो: अमुक गोष्ट वर्गातच का? "टाइमटेबलमध्ये तास आहे म्हणून" हे उत्तर पुष्कळदा खरं असतं, पण पुरेसं नसतं. नमुना निवडीवरचा वाद वर्गात घालावा, व्याख्या घरी बघाव्यात. आपल्याकडे अनेकदा उलट होतं: वर्गात पीपीटी वाचून दाखवतात आणि कठीण उदाहरणं घरी सोडवायला देतात, जिथे मदतीला कोणी नाही.

स्वयम, ४० टक्के आणि नाशिक

भारतात हे सगळं आता लांबचं राहिलेलं नाही. 'स्वयम' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स विद्यार्थी स्वयमवरून करून त्याचे श्रेयांक आपल्या विद्यापीठात मिळवू शकतो. म्हणजे मेरिलँडच्या कॉलेजांना पडलेला भरवशाचा प्रश्न आता आपल्याकडच्या प्रत्येक परीक्षा विभागाला पडला आहे.

स्वयमच्या कोर्सला चार भाग लागतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. मला ही चौकट चांगली वाटते, पण ती हजेरी घेते. चारही गोष्टी आहेत का, हे त्यातून कळतं. एकमेकींशी बोलतात का, ते कळत नाही. एनपीटेलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन प्रकल्पाचा, बारा आठवड्यांचा कोर्स घ्या. असाइनमेंटना २५ टक्के वजन, तेही बारांपैकी सर्वोत्तम आठ धरून, आणि केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के. ही वाटणी प्रामाणिकपणासाठी योग्यच आहे. पण त्यामुळे कोर्सचं खरं उद्दिष्ट काय ते परीक्षेचा पेपर ठरवतो. तपासणाऱ्याने उद्दिष्टांच्या पानाआधी तो पेपर मागवावा, असं माझं मत.

आणि ही दृष्टी मराठीत अगदीच नवी आहे असंही नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालं. त्याच्या पुस्तकांत लेखक आणि विषय संपादकाबरोबर 'अनुदेशन तंत्र संपादक' असंही एक नाव छापलेलं सापडतं. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मधे मधे 'आपली प्रगती तपासा' छापाचे प्रश्न, शेवटी उत्तरं, हे सगळं त्या संपादकाच्या अखत्यारीतलं. शिक्षक समोर नाही हे धरून लिहायचं, ही शिस्त छापील पुस्तकात आधी आली. आज जे प्राध्यापक पहिल्यांदा ऑनलाइन कोर्स बांधतायत त्यांनी ती जुनी पुस्तकं एकदा चाळावीत.

पैसे नसतील तर

क्यूएमची अधिकृत तपासणी फी भरून होते. पण न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने, सनीने, 'ऑस्कर' नावाने ओळखला जाणारा ५० निकषांचा तक्ता मोकळ्या परवान्यात देऊन ठेवला आहे. ६४ कॅम्पसचं हे विद्यापीठ, आणि त्यांच्या तक्त्यात गुणच नाहीत. प्रत्येक निकषापुढे लिहायचं असतं ते दुरुस्तीला किती वेळ लागेल: अर्ध्या तासाच्या आत, अर्धा ते दोन तास, की दोन तासांहून जास्त. मला क्यूएमच्या ८५ पेक्षा ही कल्पना जास्त भावते. "तुमचा कोर्स ७१ वर अडला" असं ऐकलं की माणूस वाद घालतो. "यात अर्ध्या तासाची नऊ कामं आहेत आणि एक मोठं" असं ऐकलं की तो कॅलेंडर उघडतो.

सूचना लिहिण्याची हातोटी मात्र दोन्हीकडे एकच. "सूचना अस्पष्ट आहेत" हे काही कामाचं नाही. "मॉड्यूल ३ च्या असाइनमेंटमध्ये शब्दमर्यादा आहे, पण फाईल कुठल्या स्वरूपात द्यायची ते नाही, मॉड्यूल २ मध्ये तुम्ही ते छान लिहिलंय, तेच वाक्य इथे घ्या" हे कामाचं. जागा दाखवा, विद्यार्थ्याला काय अडेल ते सांगा, आणि जमलं तर शिक्षकाच्याच कोर्समधला उपाय उचलून द्या. क्यूएमच्या तिघांत एक जण त्याच विषयाचा आणि एक जण तरी बाहेरच्या संस्थेचा असतो. दोघांचीही नड खरी आहे. विषयाचा माणूस आशयाची चूक पकडतो, पण जे लिहिलेलं नाही तेही तो मनात भरून वाचतो. शेजारच्या विभागातला माणूस ते भरू शकत नाही, म्हणून तो पटकन अडतो आणि त्याचं अडणंच उपयोगाचं असतं.

तेव्हा मराठीच्या मॅडमनी वाणिज्यच्या सरांचा कोर्स बघावा आणि त्यांनी मॅडमचा. कोर्स मूडल या प्रणालीवर असेल तर 'स्विच रोल' करून विद्यार्थी व्हायचं, कॅनव्हास या प्रणालीवर असेल तर 'स्टुडंट व्ह्यू' लावायचा, शक्यतो फोनवर आणि मोबाईल डेटावर. या आठवड्यात मला काय करायचंय, कधीपर्यंत, अडलं तर कोणाला विचारायचं, हे तीन प्रश्न घेऊन आत शिरायचं. अडेल तिथे स्क्रीनशॉट. तारखा, तुटलेल्या लिंका, फॉन्ट, फाईलींची नावं ही कामं चालू सत्रातही उरकतात. उद्दिष्टं आणि परीक्षेची जुळणी मात्र सत्र संपल्यावर, पुढच्या प्रश्नपत्रिका काढायच्या आधी हाती घ्यावी, कारण विद्यार्थ्यांना एकदा सांगितलेली गुणांची वाटणी मधेच बदलता येत नाही.